बातमी अलीकडची, जमीन पलीकडची

नांदेडहून आदिलाबादला जाणारी गाडी मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवट सोडून पुढे निघाली आणि डब्यातल्या शेंगदाणेवाल्याची हाळी बदलली. तोवर तो "गरम शेंगा" म्हणत होता, आता "पल्लीलु, पल्लीलु" म्हणू लागला. माझ्या समोरच्या आजीबाईंनी मात्र मराठीत भाव केला आणि त्यानेही मराठीतच उत्तर दिलं. आपल्या निपाणीच्या स्टँडवर हेच रोज चालतं, तेलुगूच्या जागी कन्नड एवढाच फरक. त्यामुळे मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही.

तसं पाहिलं तर किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचना झाली, रेघ ओढली गेली आणि सोयरे-धायरे दोन बाजूंना राहिले. पुढे 2014 मध्ये तेलंगण वेगळा झाला. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पैनगंगेकाठच्या मराठी माणसाचं घर होतं तिथंच राहिलं, कागदावरचा पत्ता मात्र बदलत गेला.

ही गोष्ट 2025 च्या जानेवारीतली. मी माझ्या मावसबहिणीकडे निघाले होते. तिला आम्ही घरात अक्का म्हणतो. आमच्या घरी आजी मराठीत रागवायची आणि आई कन्नडात "ऊटा आयता?" विचारायची, त्यामुळे मोठी बहीण ही अक्काच. तेलुगूतही अक्काच! मावशीचे यजमान एसटीत होते. बदली होऊन नांदेडला गेले आणि तिथलेच झाले. अक्का तिथं मराठी शाळेत शिकली आणि बावीस वर्षांपूर्वी आदिलाबादजवळच्या जैनद मंडलातल्या एका गावात दिली. नऊ एकर काळी जमीन, कापूस, तूर आणि घरापुरती ज्वारी. जमीन सासऱ्यांच्या नावावर. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. वय एकाहत्तर. शेत कसतात ते माझे भाऊजी, वय सेहेचाळीस, आणि अर्थात अक्का.

पहिल्या दिवशी जैनदचं लक्ष्मीनारायणाचं जुनं दगडी देऊळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींबरोबर आदिलाबादच्या मार्केट यार्डात गेले. एवढा कापूस मी एका जागी कधी पाहिला नव्हता. ट्रॅक्टर, टेम्पो आणि अजूनही काही बैलगाड्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. कापूस महामंडळ तो देतं, पण ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण. त्यापुढे बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. मग उरतो व्यापारी, आणि तो सांगेल तो भाव. भाऊजी मुठीत कापूस दाबून ओलावा सांगतात. महामंडळाच्या माणसाने यंत्राची सुई खुपसली. भाऊजींचा अंदाज दहा, यंत्राने दाखवले अकरा. "दोन दिवस उन्हात घातला असता तर," ते परत येताना म्हणाले, "पण टेम्पोवाला मग चार दिवस मिळाला नसता." दोन दिवसांचं ऊन, टेम्पोचं भाडं आणि कपातीचे पैसे यांचा हिशेब घरातून निघण्यापूर्वीच मांडायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. हमीभाव सरकार ठरवतं, पण तो आपल्या पदरात पडेल की नाही हे शेतकऱ्याला अंगणातच ठरवावं लागतं.

संध्याकाळी अक्का मला शेजारच्या घरी घेऊन गेली. अंगणात म्हातारे आई-वडील, चुलीपुढे तरुण सून, दोन लहान मुलं. या घरचा कर्ता मुलगा 2023 च्या पावसाळ्यात निंदणीच्या वेळी साप चावून गेला. छत्तीस वर्षांचा. जमीन वडिलांच्या नावावर. सुनेचं माहेर नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. माहेरच्यांनी धीर देत सांगितलं, काळजी करू नका, सापाच्या दंशाला सरकारचे दोन लाख मिळतात, सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी चालतो.

ते खोटं बोलत नव्हते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तिच्यात खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एकाला धरतात, त्याच्या नावावर जमीन नसली तरी. पण ही नदीच्या त्या बाजूची गोष्ट झाली. या बाजूला तेलंगणात 2018 च्या ऑगस्टपासून 'रैतु बीमा' आहे. शेतकरी कोणत्याही कारणाने गेला तरी वारसाला पाच लाख. हप्ता सरकार भरतं. रक्कम मोठी, पण अट कडक. जमीन स्वतःच्या नावावर हवी आणि वय 18 ते 59 च्या आत हवं. वडिलांच्या नावावर जमीन होती, पण त्यांचं वय उलटलेलं. मुलाचं वय बसत होतं, पण नावावर काही नव्हतं. महाराष्ट्राच्या नियमात बसत होतं ते घर तेलंगणात होतं. एक पैसा मिळाला नाही.

"एक गुंठा," परत येताना अक्का म्हणाली. "एक गुंठा त्याच्या नावावर असता, तरी पाच लाख मिळाले असते गं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक कुणाची म्हणायची? अधिकाऱ्याची नाही, माहेरच्यांची नाही. त्या घरात टीव्ही मराठी, पेपर मराठी, सोयरे मराठी. बातमी सगळी महाराष्ट्राची, आणि जमीन मात्र तेलंगणात. अक्काच्या गावात असे घोटाळे किती झाले आहेत! 2023 मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा आला (2025 मध्ये तो बंद झाला), तेव्हा इथले लोक रुपया घेऊन विचारत फिरले. तेलंगण राज्य तर 2020 सालीच पंतप्रधान पीक विमा योजनेतून बाहेर पडलं होतं. उलटही होतं. इथे 2018 च्या मे महिन्यात 'रैतु बंधू' सुरू झाली. एकरी हंगामाला चार हजार, पुढल्या वर्षी पाच हजार. पलीकडचे पाहुणे हळहळले, तुमचं बरं आहे म्हणून. पण ही मदत एकरावर मिळते, आणि पंतप्रधान किसानचे किंवा महाराष्ट्राच्या नमो योजनेचे सहा हजार घराला मिळतात. नऊ एकरवाल्याला एक हिशेब लागू, एका एकरवाल्याला दुसरा. आणि जो दुसऱ्याची जमीन खंडाने करतो, त्याच्या हातात रैतु बंधूचं काहीच पडलं नाही, कारण पासबुकावर नाव मालकाचं.

आपण तरी वेगळे आहोत का? आपल्याकडच्या बायका कोल्हापूरच्या बहिणींशी फोनवर 'लाडकी बहीण'चे पंधराशे आणि 'गृहलक्ष्मी'चे दोन हजार यांची तुलना करतात, तेव्हा कुणाला कोणती कागदपत्रं लागतात याची खिचडी होतेच ना!

तिसऱ्या दिवशी अक्काने एक वही काढली. मुलीची जुनी शाळेची वही, मागची पानं कोरी. म्हणाली, "तुला तेलुगू वाचता येतं का?"

मी म्हटलं, "छे गं! मला कन्नड वाचता येतं."

"तेच. अक्षरं सारखी असतात म्हणतात."

तिने पेटीतून कागद काढले. सगळ्यात खाली आबांच्या वडिलांच्या वेळचे निजामाच्या काळातले उर्दू कागद, त्यावर पुढचे तेलुगू, सगळ्यात वर हिरवं पट्टादार पासबुक आणि विम्याचं एक माहितीपत्रक. बावीस वर्षांत अक्का तेलुगू अस्खलित बोलायला शिकली, पण लिपी राहून गेली. कागद आला की मुलाची वाट पाहायची, आणि मुलगा आदिलाबादला कॉलेजात.

मी माहितीपत्रक हातात घेतलं. क, त, श अशी काही अक्षरं वेगळी, पण बाकीची ओळखीची निघाली. मी चाचपडत, पहिलीतल्या मुलासारखी मोठ्याने वाचायला लागले. मला अर्थ कळत नव्हता आणि अक्काला अक्षर. मी "वयस्सु" वाचलं, तेव्हा मात्र दोघी एकदम "वय!" म्हणून ओरडलो, कारण कन्नडातही वयस्सुच. "रैतु" म्हणजे आपला कन्नडातला रैत, मराठीतली रयत. "तंड्री" म्हणजे वडील, कन्नडातले तंदे. तासाभरात पत्रक संपलं. मी वाचत गेले, अक्का सांगत गेली आणि वहीत मराठीत उतरवत गेली. आबा ओसरीवर बसून ऐकत होते. बोलले काही नाहीत.

दुपारी गावाजवळच्या रैतु वेदिकेत बैठक होती. तेलंगणात साधारण पाच हजार एकरांमागे एक कृषी विस्तार अधिकारी आणि एक असं सभागृह, अशी रचना आहे. राज्यभरात 2,601 वेदिका बांधल्या. आपल्याकडे होबळीला रैत संपर्क केंद्र असतं, त्यापेक्षा हे गावाच्या जवळ. अधिकारी म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, स्कूटीवर आलेली. सगळे तिला मॅडम म्हणत होते. 26 जानेवारीला सरकारने रैतु बंधूच्या जागी 'रैतु भरोसा' सुरू केली होती, एकरी वर्षाला बारा हजार. पुरुषांचे सगळे प्रश्न त्याचेच. पैसे कधी, कुणाला आधी, खात्यावर का दिसत नाहीत. मॅडम तेलुगूत सांगत होत्या. मागे बसलेले मराठी म्हातारे माना हलवत होते. त्यांना किती कळत होतं, देव जाणे.

शेवटी अक्का उठली. तिने तेलुगूत विचारलं, "सासऱ्यांच्या नावावर जमीन आहे. नवऱ्याला बीमा हवा. काय करावं?"

मॅडमनी काय करा हे सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन एका कागदावर लिहा. प्रत्येक योजनेपुढे तीन गोष्टी. ती कुणाच्या नावावर मिळते? किती मिळते? आणि नाव बदललं तर काय थांबतं? मग घरात बसून ठरवा. मी फॉर्म भरून देईन, पण ठरवायचं तुम्ही." मला हे फार आवडलं. योजनेची माहिती देणारे पुष्कळ भेटतात, पण ठरवायचं कसं हे शिकवणारं कुणी क्वचितच भेटतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वही उघडली. अक्काने तीन रकाने आखले. रैतु भरोसा: एकरावर मिळतो. नऊ एकरांचे वर्षाला 1,08,000. जमीन एका नावावर असो की दोन, बेरीज तीच. पंतप्रधान किसान: आबांच्या नावावर थोडी जरी जमीन उरली तरी त्यांचे सहा हजार चालू. सगळी दिली तर थांबणार, आणि भाऊजींना ते सुरू होतील असंही नाही. कारण त्या योजनेने 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरली आहे आणि त्यानंतर वारसाशिवाय नावावर आलेल्या जमिनीची अडचण येते. रैतु बीमा: आबांना वयामुळे नाही. भाऊजींच्या नावावर थोडी जमीन आली, तर एकोणसाठ पुरी होईपर्यंत पाच लाखांचं संरक्षण. पीककर्ज: आबांच्या नावावर, म्हणून आधी बँकेत विचारायचं. खर्च: तहसील कार्यालयातल्या नोंदणीचा.

वहीतलं उत्तर तर सरळ होतं. सगळी जमीन द्यायची नाही, थोडी द्यायची. पण घरातली उत्तरं वहीसारखी सरळ नसतात.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या जिवंतपणी वाटणी."

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "आबा, मी कधी मागितली का?"

"तू नाही मागितलीस. लोक म्हणतील ना, म्हातारा असतानाच पोरानं लिहून घेतलं." त्यांचा आवाज कापत होता. "जमीन हातात आहे तोवर माणसाला ताट वेळेवर येतं. मी पाहिलंय गावात."

कुणीच काही बोललं नाही. अक्काचे डोळे भरले. बावीस वर्षं तिनेच ते ताट वाढलं होतं. पण आबांचंही खोटं नव्हतं. सरकारच्या कागदावर जे 'हस्तांतरण' असतं, ते घरात म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन असतं. हे कोणत्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं?

दुसऱ्या दिवशी केसलापूरला जायचं ठरलं होतं. पौष अमावस्येला सुरू होणारी नागोबाची जत्रा चालू होती. गुडीहत्नूरहून मुत्नूरकडे वळलं की सागाचं रान लागतं. मेसरम कुळाचे गोंड लोक कितीतरी कोस पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्याने नागोबाची पूजा करतात. याच जत्रेत दरबार भरतो. कलेक्टर आणि इतर अधिकारी समोर बसतात आणि आदिवासी आपली गाऱ्हाणी मांडतात. ही प्रथा 1940 च्या दशकातली. 1940 साली जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. मग निजाम सरकारने लोकांचं दुखणं काय आहे हे समजून घ्यायला हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंश अभ्यासकाला पाठवलं. दुखणं जमिनीचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर भलत्याच्याच नावे लागत होती, कारण कागद वाचता येत नव्हता. त्याने मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी वर्ग काढला आणि मुलांसाठी गोंडी भाषेतली पुस्तकं तयार केली. आणि ती कोणत्या लिपीत? देवनागरीत! कारण या भागातल्या गोंडांना मराठी ओळखीची होती.

येताना इंद्रवेल्लीचा स्तूप दिसला. 20 एप्रिल 1981 रोजी इथे जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता. आबा जीपमधून उतरले आणि हात जोडून उभे राहिले. त्या वेळी ते तरुण होते. परत बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "कागदावर नाव यावं म्हणून माणसं मेली. आणि मी नाव देताना भितोय."

मी निघाले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय करतात गं?" मी काय सांगणार? म्हटलं, "आमच्याकडेही असंच आहे, आबा."

जूनमध्ये अक्काचा फोन आला. आबांनी दोन एकर भाऊजींच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. सात स्वतःकडे ठेवली. बँकेचं आधी विचारून घेतलं. नवं पासबुक आलं. ऑगस्टमध्ये विम्याचं नवं वर्ष सुरू होतं, त्याच्या आत मॅडमनी फॉर्म भरून घेतला. वारस म्हणून अक्काचं नाव. सही करताना भाऊजी म्हणाले म्हणे, "हे तुला कधी न मिळो."

मग ती थांबली. म्हणाली, "मी आबांना विचारलं, मीही शेतात राबते. साप मला काय ओळखून सोडणार आहे? माझ्या नावावर दहा गुंठे का नाहीत?"

"मग?"

"म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट."

ती वही आता गावच्या बचत गटात फिरते आहे. तीन बायकांनी आपापल्या घराचे रकाने आखून घेतलेत. शेजारची ती सूनही त्यात आहे. तिच्या सासऱ्याने एक एकर तिच्या नावे करायचं कबूल केलं आहे. गेलेलं परत येत नाही, पण दोन लेकरांची आई आता कागदावर येईल.

फोन ठेवला आणि मी आमच्या घरचा उतारा काढून पाहिला. आमचे आजोबा 1998 साली वारले. उताऱ्यावर अजून तेच आहेत. बाबा एकोणसत्तर वर्षांचे, भाऊ चाळीसचा. कर्नाटकात याला पौती खाता करणं म्हणतात, हे मला माहीत होतं. सत्तावीस वर्षांत ते करायला कुणी गेलं नाही, हेही माहीत होतं. दुसऱ्याच्या गावात जाऊन तेलुगू अक्षरं जुळवणाऱ्या मला स्वतःच्या घरातला कन्नड कागद मात्र कधी वाचावासा वाटला नव्हता.

त्या रात्री आईने नेहमीप्रमाणे "ऊटा आयता?" विचारलं. मी म्हटलं, "आयतु. आता सगळे जरा बसा. मी एक वही आणली आहे."